रशियन क्रांतीवर लिहिताना या चुका टाळा

‘लेनिनने झारची सत्ता उलथवली.’ उत्तरपत्रिकेत हे वाक्य भेटलं नाही असं एकही वर्ष जात नाही. झार दुसरा निकोलस मार्च १९१७ मध्येच पायउतार झाला होता आणि तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये होता. नोव्हेंबरात लेनिनच्या बोल्शेव्हिक पक्षाने पाडलं ते झारनंतर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार. एका वर्षी अर्ध्या वर्गाने हेच वाक्य शब्दशः लिहिलं, कारण सगळ्यांचं गाइड एकच. गुण कापले तर एक मुलगा गाइड घेऊन भांडायला आला, “छापलंय ना सर!” त्याला म्हटलं, मग मधले आठ महिने राज्य कोण करत होतं? त्याला सांगता येईना. आणि सगळी मेख त्या आठ महिन्यांतच आहे. हंगामी सरकारने पहिलं महायुद्ध रेटलं, जमिनीचा प्रश्न पुढे निवडून येणाऱ्या, राज्यघटना ठरवणाऱ्या संविधान सभेवर ढकलला. सेनापती कॉर्निलॉव्हचं बंड रोखताना कामगारांच्या हाती बंदुका आल्या. मग राजधानी पेट्रोग्राडच्या सोविएतमध्ये, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींच्या परिषदेत, बोल्शेव्हिकांना बहुमत मिळालं, त्यांचाच ट्रॉट्स्की अध्यक्ष झाला. सोविएतच्याच लष्करी क्रांतिकारी समितीने पूल, स्टेशनं, टेलिफोन केंद्र ताब्यात घेतलं. हे न वाचता थेट ‘परिणाम’ पाठ करणाऱ्यांना क्रांती कळत नाही, मग गुण कितीही मिळोत.

हंगामी सरकार जिथे बसत होतं त्या हिवाळी राजवाड्यावर हजारोंचा हल्ला, हे चित्रपटांनी रुजवलेलं दृश्य. प्रतिकार किरकोळच होता.

सत्तापालटाचा २५ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर हा एकच दिवस, जुन्या आणि नव्या दिनदर्शिकेतला. दोन्ही तारखा लिहा.

तात्कालिक परिणामांत पंचवार्षिक योजना आणि सामूहिक शेती कोंबू नका; त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीच्या गोष्टी. सोव्हिएत संघसुद्धा डिसेंबर १९२२ चा. मी मार्च १९१८ वर रेघ मारतो आणि तिच्या अलीकडचंच लिहायला लावतो: दुसऱ्याच दिवशीचे शांतता आणि जमिनीचे हुकूमनामे, लगोलग विरोधी वृत्तपत्रांवर बंदी, डिसेंबरात ‘चेका’ हे गुप्त पोलीस दल, शेवटी युद्धातून बाहेर पडण्यासाठी जर्मनीशी ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह. संविधान सभा मात्र बहुतेक जण गाळतात, आणि याचा मला खरा राग येतो. त्या निवडणुकीत बोल्शेव्हिकांना जेमतेम पाव मतं मिळाली, समाजवादी क्रांतिकारक पक्ष पुढे गेला. जानेवारी १९१८ मध्ये सभा एकदाच भरली आणि बरखास्त झाली. एकपक्षीय राजवटीकडे देश कसा वळला, हे लिहायचं तर या सभेला स्वतंत्र परिच्छेद द्या.