अ‍ॅम्बीला इसुझूचं इंजिन, गिअरबॉक्स मात्र जुनाच

अ‍ॅम्बॅसडरचं जुनं पेट्रोल इंजिन 1489 सीसी, त्याजागी 1817 सीसीचं इसुझू कंपनीचं टाकायचं पण स्टेअरिंगवरचा चार गिअरचा बॉक्स तसाच ठेवायचाय, तर आधी आरटीओची परवानगी काढा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हाय, नंतर आरसीवर इंजिन नंबर चढवायला लई फिरवतेत.

खरं काम बेलहाउसिंगचं, म्हंजी इंजिन अन् गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या खोक्याचं. बोल्टची भोकं जुळत नाहीत म्हणून मधी अडॅप्टर प्लेट लागते, ती वाळूज एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशिनवर) करून घ्या, गल्लीतल्या ड्रिलवर नको. इंजिनचा क्रँक अन् गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनकडून जोर घेणारा दांडा) एका रेषेत पाहिजेत, डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून बघा, रनआउट (फिरताना मध्यापासून हलणं) 0.1 मिमीच्या आसपास असला तर ठीक, नाहीतर बेअरिंग जातं आन मिस्त्री म्हणतो ऑइल बदला! क्लच प्लेट बाहेरून इसुझूच्या फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) मापाची, मधले स्प्लाइन (दांड्यावर बसायचे खाचे) जुन्या शाफ्टचे. अडॅप्टरच्या जाडीएवढा शाफ्ट मागं राहतो, म्हणून पायलट बुश (क्रँकमधली, शाफ्टचं टोक धरणारी नळी) लेथवर लांब बनवून घ्या, शाफ्टचं टोक बुशमधी बसलं पाहिजे पण तळाला टेकायला नको.

माउंट, सायलेन्सर नंतर बघू. जुना गिअरबॉक्स कमी टॉर्कसाठी (फिरवायच्या जोरासाठी) बनलेला हाय, पहिल्या गिअरात एकदम क्लच सोडू नका.