मांजर कुरवाळताना शेपटीकडे लक्ष ठेवा

मांडीवर निवांत बसलेलं मांजर अचानक चावलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्याने आधी इशारे दिलेले असतात. शेपटीचं टोक फटकारायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान आडवे झाले, की हात लगेच काढून घ्या. उताणं पडून पोट दाखवलं तरी पोटाला हात लावू नका. तो विश्वास असतो, आमंत्रण क्वचितच. खूश असल्यासारख्या हळू गुरगुरण्यावरही विसंबू नका, दुखत असतानाही मांजरं गुरगुरतात.

जवळीक साधायची तर त्याच्याकडे बघत डोळे बारीक करून सावकाश मिटा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात मांजरांनीही तसेच डोळे बारीक केले, आणि असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताजवळ ती जास्त आली.