मर्यादित संख्येच्या स्पोर्ट्स कारविषयी अनावरणापूर्वी अंदाज कसा बांधावा

मर्यादित संख्येत निघणारी स्पोर्ट्स कार जगापुढे येण्याच्या बऱ्याच आधी तिची चर्चा सुरू होते. झाकलेल्या चाचणी-गाडीचे एखादे छायाचित्र प्रसिद्ध होते, कुणी इंजिनाविषयी छातीठोकपणे सांगतो, कुणी किंमतही ठरवून टाकतो, आणि आठवड्याभरात पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते व केवळ मनातले कोणते, हे ओळखणे कठीण होऊन बसते. तर्क लढवण्यात गैर काहीच नाही. गाडी आतून समजून घेण्याचा तो फार चांगला मार्ग आहे. मात्र तो तर्क पुराव्याला धरून असावा आणि पुढे तपासता येईल अशा रीतीने मांडलेला असावा. ते कसे साधावे, हे येथे मुख्यतः फेरारीच्या उदाहरणावरून सांगतो, कारण १९८४ च्या जीटीओपासून २०२४ च्या एफ८० पर्यंत सहा गाड्यांची सलग मालिका आपल्यापुढे आहे आणि अभ्यासाला इतके भरघोस साहित्य दुसरीकडे क्वचितच मिळते.

सुरुवात छायाचित्रांपासून न करता वंशावळीपासून करावी. ज्या गाडीविषयी कुतूहल आहे, तिच्या आधीच्या गाड्या एका कागदावर क्रमाने लिहून काढाव्यात: वर्ष, इंजिन, संख्या, आणि त्या काळी कंपनी कोणत्या शर्यतीत उतरत होती ते. फेरारीच्या बाबतीत १९८४ ची जीटीओ, १९८७ ची एफ४०, १९९५ ची एफ५०, २००२ ची एन्झो, २०१३ ची लाफेरारी आणि २०२४ ची एफ८० अशी ही यादी होते. शेवटच्या दोन अंतरांकडे पाहिले, तर ती प्रत्येकी अकरा वर्षांची दिसतात. जीटीओचे इंजिन दोन टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रे) असलेले आठ सिलिंडरचे होते व ती गाडी ग्रुप बी या शर्यतप्रकारासाठी योजलेली होती. एफ५० चे बारा सिलिंडरचे इंजिन कंपनीच्या १९९० च्या फॉर्म्युला वन इंजिनावरून विकसित केलेले होते. शर्यतीच्या मैदानावर त्या काळी जे चालू असते त्याचा रस्त्यावरच्या या गाड्यांशी जवळचा संबंध असतो, हे अशा टिपणातून आपोआप डोळ्यांत भरते.

हेच टिपण हाती घेऊन एफ८० विषयीचा सर्वांत मोठा वाद तपासून पाहण्यासारखा आहे. एन्झो आणि लाफेरारी या लागोपाठच्या दोन गाड्यांत बारा सिलिंडर होते, त्यामुळे पुढच्या गाडीतही तेच असणार, असे अनेकांनी गृहीत धरले होते. परंतु जून २०२१ मध्ये आलेल्या २९६ जीटीबीत कंपनीने २९९२ घन सेंटिमीटरचे, सिलिंडरांच्या दोन ओळी १२० अंशांच्या कोनात असलेले सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आणले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दाखवलेल्या ४९९पी या शर्यतीच्या गाडीतही सहा सिलिंडरचेच इंजिन होते. आणि त्याच ४९९पीने जून २०२३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, जी फेरारीने १९६५ नंतर सर्व गटांत मिळून पहिली येऊन जिंकलेली नव्हती. फॉर्म्युला वनमध्येही २०१४ पासून सहा सिलिंडरची हायब्रिड (इंधनाला विजेची जोड असलेली) इंजिनेच चालत आली आहेत. या चार गोष्टी एकत्र ठेवल्या, तर नवी गाडी सहा सिलिंडरची हायब्रिड असेल, हा तर्क अनावरणाच्या वर्षभर आधीही बळकट ठरत होता, आणि १७ ऑक्टोबर २०२४ रोजी तो खरा निघाला. बारा सिलिंडरच्या आवाजावर माझेही प्रेम आहे. पण प्रेमाला पुराव्याच्या रकान्यात जागा देऊ नये.

त्याच गाडीच्या शक्तीचा अंदाज मात्र साध्या गणिताने चुकला असता, आणि ते का चुकले असते हे समजून घेणे तितकेच उपयोगाचे आहे. २९६ जीटीबीचे इंजिन एकटे ६६३ अश्वशक्ती देते, म्हणजे इंजिनाच्या घनफळाच्या दर लिटरला सुमारे २२१. एफ८० च्या इंजिनाचे घनफळ तेवढेच आहे. तेव्हा सात-साडेसातशेच्या पुढचा आकडा सावध माणसाने सांगितला नसता. प्रत्यक्षात ते इंजिन ९०० अश्वशक्ती देते, म्हणजे दर लिटरला तीनशे, आणि विजेच्या मोटरी धरून एकूण आकडा १२०० होतो. फरक पडला तो मुख्यतः विजेच्या साहाय्याने फिरणाऱ्या टर्बोमुळे आणि शर्यतीतल्या इंजिनाच्या अनुभवामुळे. म्हणून शक्तीचा अंदाज सांगताना एकच आकडा न देता खालची व वरची मर्यादा द्यावी, आणि वरची मर्यादा कोणत्या नव्या तंत्रामुळे शक्य आहे तेही लिहावे.

आता छायाचित्रांकडे वळावे. सुरुवातीच्या चाचणी-गाडीवर बहुधा जुन्याच मॉडेलचे कवच असते, ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी. एन्झोची एक चाचणी-गाडी फेरारी ३४८ च्या कवचाखाली बांधलेली होती, तर लाफेरारीचे यंत्र ४५८ इटालियाच्या कवचाखाली फिरवले गेले. अशा टप्प्यावर दिवे, दारे किंवा छताचा आकार पाहून काहीही ठरवू नये. कवच ताणून कुठे बसवले आहे, ते पाहावे. चाकांच्या कमानींवर रिव्हेट ठोकून वाढीव पत्रे लावले असतील, तर खालचा सांगाडा मूळ गाडीपेक्षा रुंद आहे. दार आणि मागचे चाक यांतले अंतर मूळ मॉडेलच्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या बाजूच्या छायाचित्राशी ताडून पाहावे. ते वाढलेले असेल, तर मधल्या जागेत लांब इंजिन किंवा बॅटरी असण्याचा संभव आहे. मोजमाप घेताना टायरच्या बाहेरच्या व्यासाला एकक मानावे, पण दोन्ही छायाचित्रे गाडीच्या काटकोनातून घेतलेली असल्याशिवाय हा खटाटोप करू नये, कारण तिरक्या कोनात अंतरे आखडतात आणि उत्तर हमखास चुकते.

एक्झॉस्ट किती उंचीवर आहे, पुढच्या भागात हवा आत घेणारी भोके किती मोठी आहेत, मागच्या काचेऐवजी बंद पत्रा आहे का, या खुणा टिकाऊ असतात, कारण त्या यंत्राच्या गरजेतून येतात. जर्मनीतील न्युर्बर्गरिंग या शर्यतमार्गावर धावणाऱ्या चाचणी-गाडीवर गोल पिवळा स्टिकर दिसला, तर ती हायब्रिड किंवा विजेवर चालणारी आहे असे समजावे. अपघात झाल्यास बचावपथकाला उच्च विद्युतदाबाची पूर्वसूचना मिळावी म्हणून तो लावलेला असतो. उलट, रेखाटलेले किंवा चिकटवलेले दिवे, फुगवलेले कोपरे आणि काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीचे आवरण नजर चुकवण्यासाठीच असते. संगणकावर चित्रकाराने तयार केलेले कल्पनाचित्र पुढे फुटलेले अधिकृत छायाचित्र म्हणून फिरू लागते, असेही घडते. म्हणून चित्राचा मूळ ठावठिकाणा मिळेपर्यंत ते टिपणात घेऊ नये.

चित्रफितीतल्या आवाजावरून सिलिंडर मोजण्याचा मोह अनेकांना होतो. त्यामागचे गणित सोपे आहे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. मिनिटाला ९००० फेरे म्हणजे सेकंदाला १५०. तेव्हा सहा सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ४५० आणि बारा सिलिंडरच्या इंजिनात ९०० स्फोट होतात. अडचण अशी, की बारा सिलिंडरचे इंजिन ४५०० फेऱ्यांवर असेल, तर त्याचीही वारंवारता ४५० च भरते, आणि भरधाव जाणाऱ्या गाडीचे फेरे आपल्याला माहीत नसतात. म्हणून वेगात जाणाऱ्या गाडीची चित्रफीत सोडून द्यावी आणि सिग्नलला किंवा फाटकापाशी उभी असलेली, इंजिन तापलेली गाडी शोधावी. रिकामे फिरणारे इंजिन साधारणपणे ८०० ते १००० फेऱ्यांवर असते. त्या पट्ट्यात सहा सिलिंडर सेकंदाला ४० ते ५० ठोके देतात आणि बारा सिलिंडर ८० ते १००. दोन्हींत गल्लत होण्याचे कारण उरत नाही. ध्वनीचा आलेख दाखवणारे मोफत ॲप फोनवर मिळते, तेवढे पुरते. फोनचा मायक्रोफोन खालचे स्वर नीट पकडत नाही, त्यामुळे एकापेक्षा अधिक चित्रफिती तपासाव्यात.

कागदपत्रे छायाचित्रांपेक्षा कोरडी वाटतात, पण मला ती अधिक भरवशाची वाटतात. ट्रेडमार्कचा अर्ज दिसला की तो कोणत्या वर्गात केला आहे ते आधी पाहावे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वाहने बाराव्या वर्गात, कपडे पंचविसाव्यात आणि खेळणी अठ्ठाविसाव्यात येतात. बाराव्या वर्गाचा उल्लेखच नसेल, तर ते नाव टोपीवर किंवा खेळण्यातल्या गाडीवर जाणार असण्याची शक्यता जास्त. बारावा वर्ग असला, तरी नाव राखून ठेवणे आणि वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लाफेरारीला अनावरणापूर्वी सर्रास एफ७० म्हटले जात होते, आणि गाडी भलत्याच नावाने आली. पेटंटचा अर्ज सामान्यतः पहिल्या नोंदीनंतर अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणजे आज वाचनात आलेले पेटंट दीड वर्षापूर्वीचा विचार सांगत असते. युरोपात नोंदवलेल्या डिझाइनचे प्रकाशन तर तीस महिन्यांपर्यंत लांबवता येते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिने गुंतवणूकदारांपुढे मांडलेल्या योजना अवश्य वाचाव्यात. फेरारीने जून २०२२ मध्येच २०२३ ते २०२६ या काळात पंधरा नव्या गाड्या आणण्याचे जाहीर केले होते.

संख्येचा अंदाज हा या साऱ्यातला सर्वांत रंजक भाग आहे, कारण तेथे नियम, बाजार आणि प्रतीक अशी तीन कारणे काम करतात. ग्रुप बीसाठी किमान दोनशे गाड्या बांधणे बंधनकारक होते. जीटीओ २७२ निघाल्या. एफ५० च्या ३४९ गाड्यांमागे बाजाराला हव्या असतील त्यापेक्षा एक कमी बनवावी हा विचार होता. पोर्शेने ९१८ स्पायडर नावाप्रमाणे ९१८ बांधल्या, ९११ आर त्या पिढीच्या सांकेतिक क्रमांकानुसार ९९१, आणि ९११ एस/टी पहिल्या ९११ च्या वर्षावरून १९६३. मॅक्लारेनने स्पीडटेल १०६ ठेवल्या, कारण कंपनीच्या जुन्या एफ१ या रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्याच बनल्या होत्या. तेव्हा कंपनीच्या इतिहासातले स्थापनावर्ष, प्रकल्प-क्रमांक, जुन्या गाडीची संख्या असे आकडे काढून ठेवावेत. जाहीर झालेली मर्यादाही अखेरची मानू नये. एफ४० सुमारे चारशे निघणार होत्या, त्या तेराशेहून अधिक झाल्या. एन्झोचा आकडा ३४९ वरून ३९९ वर गेला आणि चारशेवी गाडी पोप जॉन पॉल दुसरे यांना देण्यात आली. उलट पोर्शेने करेरा जीटीच्या १५०० गाड्या योजल्या होत्या, पण १२७० वरच उत्पादन थांबवले.

बातम्या वाचताना किती ठिकाणी छापून आले हे मोजू नये. मूळ किती आहेत ते मोजावे. दहा ठिकाणची बातमी एकाच छायाचित्रकाराच्या एकाच वाक्यावर उभी असेल, तर तो पुरावा एकच. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, मूळ स्रोत, त्यावरून काढलेला निष्कर्ष आणि कोणती गोष्ट दिसली तर हा निष्कर्ष सोडून द्यायचा, असे चार रकाने भरावेत. चौथा रकाना भरायला जड जातो, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. अंदाजाची खात्री शेकड्यात लिहावी आणि नवा पुरावा आल्यावर जुना आकडा न खोडता त्याखाली नवा लिहावा. कारखान्यातल्या कर्मचाऱ्याने चोरून दिलेली माहिती पसरवू नये, आणि चाचणीच्या गाडीचा रस्त्यावर पाठलाग तर मुळीच करू नये. त्यात गाडी चालवणाऱ्याच्या जिवाला धोका असतो.

अशी गाडी मुंबई-पुण्यात येणार असल्याची वार्ता कानावर आली, तर ती उजव्या स्टिअरिंगची निघणार आहे का, हे आधी विचारावे. भारताच्या आयात धोरणानुसार बाहेरून येणारी नवी मोटारगाडी उजव्या स्टिअरिंगची असावी लागते, आणि एन्झो व लाफेरारी या दोन्ही केवळ डाव्या स्टिअरिंगच्या होत्या. या एका प्रश्नावर बहुतेक वार्तांचा निकाल लागतो.

अनावरणाच्या दिवशी कंपनीचे मूळ तांत्रिक पत्रक मिळवून टिपणातली प्रत्येक ओळ त्याच्याशी ताडावी. वजनाच्या आकड्यापाशी विशेष थांबावे. एफ८० चे १५२५ किलो हे कोरडे वजन आहे, म्हणजे त्यात तेल, पाणी, इंधन धरलेले नाही, आणि तेही वजन घटवणारे पर्यायी भाग बसवलेले असतानाचे. आपण भरलेल्या टाकीसह वजनाचा अंदाज केला असेल, तर दोन्ही आकडे एका मापावर आणल्याशिवाय तो बरोबर आला की चुकला, हे ठरवू नये. अश्वशक्तीतही मेट्रिक आणि ब्रिटिश मापांत सुमारे दीड टक्क्याचा फरक पडतो. १२०० मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ब्रिटिश मापाने सुमारे ११८४.