अंतरा (दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं इंजेक्शन) किंवा माला-एनसारखी गोळी सुरू केल्यावर मधेच अंगावर रक्त जातंय?

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उपकेंद्रावर ही तक्रार कोणी सरळ सांगत नाही. आधी बाळाच्या डोसाचं विचारणार, मग निघता निघता दारातून, "बाई, इंजेक्शन घेतल्यापासून डाग पडतात, थांबतच नाहीत."

आधी एक पाहून घ्यायचं, दिवस तर गेले नाहीत ना. गोळ्या चुकल्या असतील किंवा इंजेक्शनची तारीख उलटली असेल तर नक्कीच. दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट आमच्याकडे असतं, मागायला लाजू नका.

तसं काही नसेल तर या औषधांनी गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं आणि मधूनच थोडंथोडं सुटतं, म्हणून डाग. अंतराच्या पहिल्या सहा महिन्यांत हे बऱ्याच जणींना होतं. वर्षभरानंतर पुष्कळ जणींची पाळीच बंद होते. तेव्हा "घाण आत साचली" म्हणत येतात. काही साचत नाही, अस्तरच वाढलेलं नसतं. गोळ्यांचे डाग बहुधा तीन पाकिटांत आटोपतात.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करा. नुसता डाग असेल तर टिंब, पॅड लागला तर फुली, जास्त गेलं तर फुलीभोवती गोल. दुधाच्या हिशोबाशेजारी केलं तर घरात कोणी विचारतसुद्धा नाही, आणि डॉक्टरला "खूप जातं" यापेक्षा तो कागद जास्त सांगतो.

गोळी रोज एकाच वेळी घ्या. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या दिवसांत पाळी येणारच. त्याआधी डाग दिसला म्हणून पाकीट सोडू नका. सोडलंत तर रक्त वाढतं आणि दिवसही जाऊ शकतात.

फार्मसीतून "रक्त थांबवायची गोळी" आणू नका. अशा गोळीतलं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड आणि माला-एनसारखी गोळी एकत्र घेतली तर रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. गणेश चवथीच्या तोंडावर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही विचारल्याशिवाय वर घेऊ नका. माटोळीला (गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीला) हात लावायचा की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न. हे डाग म्हणजे नेहमीची पाळी नव्हे, एवढं मी सासूबाईंनाही समजावते. काही ऐकतात.

तांबडी भाजी (लाल माठ) आणि तिसऱ्या (शिंपल्या) जेवणात असू द्या. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर कधीच नाही. धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा.

मात्र तासाला एक पॅड भिजतोय आणि असं दोन तास चाललंय, चक्कर येतेय, ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, ताप किंवा घाण वास आहे, यातलं काहीही असेल तर थांबू नका. वाळपईचं सामाजिक आरोग्य केंद्र गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. संबंधानंतर दर वेळी रक्त जात असेल तर गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यायलाच हवं, दोष इंजेक्शनवर ढकलून चालणार नाही.

आणि खरंच कंटाळा आला असेल तर बदला. दिलेलं इंजेक्शन काढता येत नाही, पण पुढच्या तारखेआधी येऊन सांगा. छाया या गोळीत हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तांबीतही (कॉपर-टी) हार्मोन नसतं, पण तिच्यावर पाळीला जास्त जातं, म्हणून ज्यांना आधीच रक्त कमी आहे त्यांना मी ती लगेच सुचवत नाही.