दिवाळीनंतरचे आभार: तोरणातलाच झेंडू

फराळाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे खरं. पण दरवेळी चमकदार कागदातलं चॉकलेटच कशाला? ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेलं झेंडूचं तोरण सुकलं की लगेच निर्माल्यात टाकू नका. त्यातली मोठी, पूर्ण उमललेली फुलं सावलीत कडकडीत वाळवा. देठाकडची हिरवी वाटी उकलली की आत सुईसारख्या बारीक बिया दिसतात. काळ्या आणि टणक तेवढ्या घ्या. पांढुरक्या, चपट्या बिया पोकळ असतात, त्या उगवत नाहीत. बाजारातली फुलं कोवळी तोडलेली असतात, त्यामुळे पोकळ बियाच जास्त निघतील.

जुन्या कॅलेंडरच्या पानाची पुडी करा, त्यात या बिया भरा आणि परत द्यायच्या डब्यात ठेवा. वर लिहा: 'चकली फक्कड झाली होती! अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, उन्हात ठेवा.' आठवडाभरात कोंब येतात, दोन-अडीच महिन्यांत फुलं. ठाण्यातल्या फ्लॅटच्या खिडकीत चार-पाच तास ऊन येत असेल तर पुरे.

वॉचमनकाका आणि कामवाल्या मावशींना मात्र बियांची पुडी देऊन बोळवू नका. तिथे रोख बक्षिसीच द्यावी, हवं तर जुन्याच लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून.