जुनी डिझेल गाडी कोकणातल्या पावसाळ्यासाठी कशी तयार करावी

देवगड-मालवणकडे अजूनही जुन्या इंडिका, सुमो, बोलेरो धावतात. या गाड्यांची इंजिनं दमदार, पण त्यांना इथलं पाणी खातं. म्हणून ही कामं मृगाआधी उरकून घ्या.

सुरुवात डिझेल फिल्टरपासून. दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीला आतून पाणी सुटतं. ते डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतं आणि तिथून फिल्टरमध्ये येतं. गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरखाली पारदर्शक बाटली धरा आणि बुडाचा स्क्रू सैल करा. निव्वळ डिझेल येऊ लागलं की घट्ट करा. पावसाळाभर हे अधूनमधून करत राहा, आणि टाकी शक्यतो भरलेली ठेवा.

फिल्टर बदलल्यावर किंवा डिझेल संपल्यावर लाइन एअर धरते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा अडकते. तेव्हा सेल्फ मारत बसलात तर बॅटरी उतरेल. फिल्टरवर हातपंप असेल तर एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तो दाबा, मग स्क्रू आवळा. स्विफ्टसारख्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीत इंजेक्टरच्या पाइपांना मात्र हात लावू नका. इंजिन चालू असताना तिथला दाब १००० बारच्या वर जातो, आणि डिझेलची धार कातडीत घुसते.

सकाळी पांढरा धूर काढत उशिरा स्टार्ट होत असेल तर हीटर प्लग (स्टार्टच्या वेळी सिलिंडरमधली हवा तापवणारे) तपासा. इथे थंडी नाही म्हणून ते टाळू नका. जुन्या इंडिकाच्या इंजिनाला ते लागतातच. ऑइल नवं घालून दोन दिवसांत काळं पडलं तर घाबरू नका, डिझेलमध्ये ते होतंच.

पत्र्याकडे लोक सगळ्यात कमी बघतात, याचं मला वाईट वाटतं. काचेखालच्या जाळीतला आंब्या-फणसाचा पातेरा काढा, दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. किनाऱ्यावरून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. अंडरकोटिंग (बुडाच्या पत्र्याला गंजरोधक लेप) करायचंच तर गंज खरवडून, पत्रा पूर्ण सुकवून करा. ओल्या गंजावर कोटिंग मारलं तर पत्रा आतून सडतो.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्या आणि आधी एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरवून घ्या, पाणी बाहेर पडू द्या, आणि ऑइल दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय स्टार्ट करू नका.