सीलिंग बंद व्हायच्या आधी पाइप टेस्ट करून घ्या
एसी, पाणी, ड्रेनेजचं काम मेकॅनिकल कॉन्ट्रॅक्टरकडे दिलंय ना, मग जे बघायचंय ते सीलिंग बंद व्हायच्या आधी बघा, नंतर आतलं काहीच दिसत नाही.

सुरुवात स्लॅबच्याही आधी होते. पाइप जिथून जाणार तिथे स्लीव्ह (पाइप आरपार जायला आधीच ठेवलेली मोठी नळी) टाकून घ्या, नाहीतर नंतर कोअर कटिंग, म्हणजे तयार स्लॅबला मशीनने भोक पाडणं, करत बसावं लागतं आणि मध्ये सळई आली की स्ट्रक्चरवाला आडवा येतो (त्याचं बरोबरच असतं म्हणा).

आता टेस्टिंग. लाइन भरताना सगळ्यात उंचावरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आधी हवा फसफसत येते, पाण्याची सलग धार लागली की मगच बंद करा. मग टेस्ट पंपाने साधारण वर्किंग प्रेशरच्या (रोजच्या वापरात लाइनमध्ये असतो तो दाब) 1.5 पट प्रेशर द्या, म्हणजे 6 बारच्या लाइनला 9 बार, पण नेमका आकडा स्पेसिफिकेशनमधूनच घ्या. पंप बंद करून गेजचा (दाब दाखवणाऱ्या मीटरचा) फोटो काढा, वेळेसकट. उन्हातल्या लाइनचा काटा थोडा वर-खाली होतो, ते ठीक, पण सारखा खालीच येत असेल तर लीक शोधा, प्रत्येक जॉइंटखाली कोरडा टिश्यू फिरवा, बोटाला न कळणारा ओलावा त्यावर लगेच दिसतो. "रंग मारला की थांबेल" असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकू नका.

पाइपवरचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारं आवरण) ही प्रेशर टेस्ट पास झाल्यावरच चढवा. आधीच गुंडाळलं असेल तर जॉइंटवरचं काढून जॉइंट उघडे करायला लावा.

एसीच्या ड्रेनला (एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपला) मीटरमागे 1 सेंटीमीटर उतार ठेवा, आणि एसीखालच्या पाणी जमणाऱ्या ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओतून ते बाहेर येतंय का हे बघायला शेवटच्या टोकाला स्वतः उभे राहा.